दगडाशी सोडलेली ओळ

चार दिवस उघडीप होती. भाद्रपद सरत आला होता आणि दुपारचं ऊन असं तापायचं की कुणी चैत्र म्हटलं असतं तरी खोटं वाटलं नसतं. पहाटेला मात्र दाभोशाच्या दरीतून धुकं वर चढायचं, पाड्यावरची घरं एकेक करून गिळायचं आणि भाताच्या पात्यांवर दव ठेवून निघून जायचं. हळव्या भाताचा दाणा दुधात होता. या वेळेला त्याला दोनच गोष्टी लागतात, खाली ओल आणि वर राखण. राखणीला जिवा पत्र्याचा डबा बडवत वरच्या बांधावर फिरत होता, आणि त्याची बायको रंजना खालच्या खाचरात विळ्याचं टोक जमिनीत खुपसून ओल बघत होती. तीन बोटं. काल चार होती.

म्हशीपुरतं गवत कापत कापत ती कणसरीच्या, म्हणजे धान्याच्या देवीच्या, दगडापाशी आली. शेंदूर फासलेला वीतभर दगड. सासरच्या शेतात असा दगड नव्हता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिनंच तो खोडाळ्याहून, आईच्या शेतातून, डोक्यावर घेऊन आणला होता. दगडाबरोबर आईची रीतही आली. पोशीची, म्हणजे तिच्या आईची, रीत अशी की आवणी, म्हणजे भाताची लावणी, करताना दगडाची ओळ जवळ आली की हातातली ओळ अर्ध्यातच सोडायची, कंबर सरळ करायची, आणि दगडाची ओळ दोन हात वरून, पार बांधाला टेकून धरायची. धान्याच्या आईची ओळ बाकीच्या ओळींपेक्षा वर. खोडाळ्याच्या बाया हसायच्या, पोशीच्या शेताचा एक दात पडलाय म्हणायच्या. पोशी ऐकून घ्यायची. म्हणायची, "पडू दे. त्या दातावरनंच कळतं, बाया कुठल्या अंगानं आल्या."

रंजनानं सहज पाहिलं. अर्धी सुटलेली ओळ दगडाच्या डाव्या हाताला होती, विहिरीकडे. म्हणजे औंदा आपण विहिरीकडून आलो होतो. बरोबरच, त्या दिवशी विहिरीकडचा चिखल आधी झाला होता.

आणि मग तिचा विळा हातातच राहिला.

काल संध्याकाळी जव्हारच्या केंद्रातून निघताना संगणकाच्या पडद्यावर जो कागद होता तो तिच्या डोळ्यांपुढे आला. उभ्या ओळी. त्यातली एक ओळ बाकीच्यांपेक्षा वर चढलेली. आणि तिच्या शेजारी अर्ध्यात सुटलेली एक ओळ. डाव्या हाताला.

तिनं दगडाच्या डाव्या हाताकडे पुन्हा पाहिलं. तीनशे बारा कागद. सगळ्यांवर आपण उजवीकडून आकडे घातलेत.

जिवानं वरून हाक मारली, जीप चुकेल म्हणून. ती भारा तसाच टाकून घरी आली आणि भाकर न खाताच रस्त्याला लागली.

रंजना झुगरे बत्तीस वर्षांची. आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली, आणि त्या शिक्षणाचा पहिली दहा वर्षं काडीचा उपयोग न झालेली. दिवाळी झाली की जिवाबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं, पाऊस तोंडावर आला की परत. प्रगती, तिची मुलगी, तिथंच विटांच्या ओळींमधून रांगली. दहा वर्षांत रंजनाच्या डोळ्याला एक सवय मात्र लागली. सुकत घातलेल्या विटांची ओळ तसूभर वाकडी गेली तरी तिला ती खड्यासारखी टोचायची. भट्टीवरचा मुकादम म्हणायचा, हिच्या डोळ्यात दोरी आहे.

मग जव्हारला ते केंद्र आलं. बाजारामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर, बारा संगणक आणि बारा खुर्च्या. कुठल्याशा परदेशी विद्यापीठाकडे जुन्या सरकारी कागदांचे फोटो होते, लाखांनी. ते कागद संगणकाला वाचायला शिकवायचे होते, आणि संगणकाला शिकवण्याआधी कुणीतरी माणसानं बसून प्रत्येक ओळीभोवती चौकट काढायची होती, चौकटीवर आकडा घालायचा होता. ही पहिली ओळ, ही दुसरी. वाचता आलं नाही तरी चालेल, ओळ दिसली पाहिजे. रंजनाला ओळ दिसत होती. दोन वर्षं झाली, ती भट्टीवर गेली नव्हती. जिवाला जव्हारलाच गाडीवर हमाली मिळाली होती. प्रगती सहावीत होती आणि सलग दोन वर्षं एकाच शाळेत होती, ही त्यांच्या घराण्यातली पहिलीच गोष्ट.

कागद होते चीनच्या बादशहाच्या दरबारचे. केंद्र सांभाळणारा तुषार, खालच्याच शिंप्याचा मुलगा, त्यानं पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून सांगितलं होतं. पावणेचारशे वर्षांमागे उत्तरेकडून मांचू नावाचे घोडेस्वार लोक आले आणि त्यांनी आखा चीन घेतला. आता राज्य करायचं तर रयतेची भाषा हवी, आणि आपली सोडवत नाही. म्हणून काही कागद चिनी अक्षरात, काही मांचू अक्षरात, दोन्ही उभ्या ओळींत. सुभ्या-सुभ्याचे अंमलदार बादशहाला गुपचूप पत्रं पाठवत, कुलूप लावलेल्या पेटीतून. पेटीच्या किल्ल्या दोघांकडेच, एक लिहिणाऱ्याकडे, एक बादशहाकडे. बादशहा वाचून त्याच कागदावर लाल शाईनं शेरा मारायचा आणि पेटी परत. अंमलदारानं शेरा वाचायचा, आणि कागद पुन्हा दरबारात जमा करायचा. राजाचं अक्षर घरात ठेवायची सोय नव्हती.

नमुन्याला म्हणून एका पत्राचा मराठी अर्थ तुषारनं वाचून दाखवला होता. या महिन्यात अमुक दिवशी पाऊस झाला, ओल जमिनीत इतकी बोटं गेली, भात बरं आहे, हा गुलाम हे भीत भीत कळवतो. खाली लाल शाईत बादशहाचा एकच शब्द. कळलं.

बाया खूप हसल्या होत्या. एवढा मोठा राजा, नि त्याला ओल कुणी कळवायची तर गुलामानं. रंजनाला मात्र ते पत्र आवडलं होतं. तो जो कोण होता त्यानंही जमिनीत काहीतरी खुपसून बोटं मोजली असतील.

जीपमध्ये तिला मागच्या बाजूला, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी जागा मिळाली. घाट चढेपर्यंत ती मनातल्या मनात ओळी मोडत आणि जुळवत होती. बादशहाचं नाव आलं की लिहिणारा चालू ओळ तिथंच सोडतो आणि नाव नव्या ओळीत, सगळ्यांपेक्षा वर लिहितो, एवढं सूचनांच्या कागदात दिलेलं होतं. म्हणजे अर्धी ओळ आधीची, वर चढलेली ओळ नंतरची. चिनी कागदांत अर्धी ओळ उजवीकडे असते, कारण चिनी उजवीकडून लिहीत येतात. ते त्यांनी पहिल्यापासून बरोबर केलं होतं. मग मांचूचे गठ्ठे आले. सूचनांत नुसतं लिहिलं होतं की पहिल्या ओळीपासून आकडे घाला. पहिली कुठली, ते लिहिणाऱ्याला इतकं उघड वाटलं असणार की त्यानं लिहिलंच नाही. रंजना तेव्हा नुकतीच तपासनीस झाली होती. हाताला उजवीकडची सवय बसलेली. तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, उजवीकडूनच.

आणि सगळ्यांनी मान डोलावली नव्हती, हे तिला जीपमध्ये आठवलं. तेच जास्त टोचत होतं. प्राजक्ता म्हणून मोखाड्याकडची वीस वर्षांची पोरगी महिन्यापूर्वी लागली होती, अजून चाचणीवरच होती. तिनं तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं, "ताई, हे डावीकडून तर नसेल ना? लाल शेरा उजव्या टोकाला आलाय. तलाठी शेरा शेवटी मारतो."

रंजना तेव्हा मागं न वळता म्हणाली होती, "तलाठ्याचं तलाठ्यापाशी. हा बादशा आहे, तो कुठंही मारील. त्याला तू विचारणार?"

खोली हसली. प्राजक्ताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि नंतर तिनं काही विचारलं नाही. मांचूचे तीनशे बारा कागद मुख्यतः तिच्याच हातून गेले, कारण जुन्या बायांना चिनीच सोपं वाटायचं. प्रत्येक फाईलवर नाव प्राजक्ताचं, तपासल्याची खूण रंजनाची. पण खूण नुसती हिरवी टिकली असते, तिच्यावर नाव नसतं.

केंद्रात पोचल्यावर चप्पल काढायचीही ती विसरली. खुर्चीवर बसून तिनं एकामागून एक कागद उघडले. वर चढलेली ओळ, डावीकडे अर्धी. पुढचा कागद. डावीकडे अर्धी. दहा, वीस, तीस. एकदा तरी उजवीकडे दिसावी म्हणून तिचे डोळे तहानले. पन्नासाव्या कागदाला तिनं हात उचलला. संगणकाला आपण शिकवलं होतं की पत्र शेवटापासून सुरू होतं, आधी तारीख नि शेरा, आणि सगळ्यात शेवटी नमस्कार.

तुषार आला तेव्हा तिनं त्याला कोपऱ्यात बोलावून सांगितलं. त्यानं दोन-तीन कागद स्वतः उघडून बघितले. तो वाईट माणूस नव्हता. पण केंद्र त्याच्या नावावर होतं, आणि बंगळुरूच्या मॅडम, ज्या वरून काम तपासायच्या, त्यांनी मागल्याच महिन्यात दुसऱ्या एका गावचं केंद्र चुकांपायी बंद केलं होतं. दिवाळीनंतर कुणाच्या किती खुर्च्या ठेवायच्या याचा निर्णय याच आठवड्यात व्हायचा होता. त्यानं हळूच सांगितलं की मॅडम चौकटी बघतात, आकडे बघत नाहीत. तीनशे बारा फाईली पास झाल्यात. आता गप्प बसून पुढचे कागद डावीकडून करावेत, मागचं मागं राहील. आणि उद्या कुणाला सापडलंच, तर नवीन मुलीकडून झालं म्हणता येईल. ती चाचणीवरच आहे.

एवढं बोलून त्यालाच बरं वाटलं नसावं. तो खाली बापाच्या दुकानात चहा सांगायला निघून गेला.

दिवसभर रंजना चिनी कागदांवर चौकटी काढत राहिली. चार खुर्च्या पलीकडे प्राजक्ता होती. मामाच्या घरी राहायची, डब्यात रोज नागलीची भाकर नि सुकट आणायची, आणि जेवताना रंजनाला अर्धी द्यायची. आजही दिली. रंजनानं ती घेतली. तिनं मनाशी हिशोब मांडला. बोललं तर आपली खुर्ची जाणार. दिवाळीनंतर पुन्हा भट्टी, पुन्हा ताडपत्रीचं घर, प्रगतीचा दाखला काढताना गुरुजींनी वाकडं केलेलं तोंड. नाही बोललं तर या पोरीची खुर्ची, आज नाही उद्या. आणि तिला कळणारही नाही की ती कशापायी गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर ती चुलीपुढे बसली ती बसलीच. जिवानं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "तुझ्या बादशाला मरून किती वर्षां झाली?"

"तीनशे."

"मंग तो काय तुला शोधत येतू का काय?"

"तो नांय. पण पोर बरोबर बोलली होती, नि मी तिला हसले."

जिवानं विस्तवातलं लाकूड आत सारलं. म्हणाला की भट्टी काही कुठं पळून गेलेली नाही, दहा वर्षं केली, अकरावं करू. मग त्यानं प्रगतीकडे पाहिलं. प्रगती दिव्याजवळ बसून नकाशात नद्या रंगवत होती, आणि त्या दोघांपैकी कुणीच तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंजनानं वहीतलं पान फाडलं आणि मॅडमना अर्ज लिहिला. आश्रमशाळेत रजेचा अर्ज शिकवला होता त्याच घडणीत. प्रति, विषय, महोदया, वरील विषयास अनुसरून. पण मधला मजकूर आला आणि शाळेची भाषा संपली. तिथं तिनं जसं होतं तसं लिहिलं. मांचूच्या कागदात अर्धी ओळ डावीकडे आहे, म्हणून लिहिणारा डावीकडून आला. मी सर्वांना उजवीकडून सांगितलं. प्राजक्तानं पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं, तिला लाल शेऱ्यावरून कळलं होतं, मी ऐकलं नाही. फाईलीवर तिचं नाव आहे, चूक माझी आहे.

तुषारनं ते वाचलं, कपाळ चोळलं. इंग्रजी त्यालाच करायचं होतं. उगाच हवा हलकी करायला म्हणाला की ताई, दरबारी रीत पाळू या का, ही दासी भयानं थरथर कापत कळवते, असं घालतो.

"दासी नको घालू," रंजना म्हणाली. "कापतेय तेवढं खरं आहे, पण तेही नको. नि पाठवायच्या आधी मला मराठीत वाचून दाखव, कुठं काय गाळलंस ते कळू दे."

त्यानं गाळलं होतं. प्राजक्तानं विचारल्याचं वाक्य त्याला जास्तीचं वाटलं होतं. तिनं ते परत घालायला लावलं, मग बटण दाबेपर्यंत त्याच्या मागे उभी राहिली.

तो शुक्रवार होता. शनिवारी उत्तर आलं नाही. रविवारी केंद्र बंद, आणि तो रविवार सरता सरेना. आभाळ भरून यायचं आणि वाऱ्यानं पांगायचं. रंजना शेतात चार वेळा जाऊन ओल बघून आली. अडीच बोटं. जिवा म्हणाला, सारखी टोचलीस तर आहे तीही निघून जाईल. तिला सारखे ते अंमलदार आठवत होते, ज्यांनी पेटी धाडल्यावर महिना महिना वाट बघितली असेल. पेटी परत आली की त्यांची किल्ली कुलपात नीट जात तरी असेल का. लाल शाईत काय असेल, बढती, फटका, की नुसतं कळलं. आणि नुसतं कळलं असलं, तर बिचाऱ्यानं बायकोला काय सांगितलं असेल.

सोमवारी ती पोचली तेव्हा प्राजक्ता आधीच आलेली होती. तिला तुषारकडून कळलं होतं. ती रंजनाकडे बघेना, आपली ओढणी बोटाला गुंडाळत बसली. रंजनानं आपला संगणक सुरू केला. अकराच्या सुमाराला पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका आला. मॅडमचे शेरे संगणकात लालच दिसायचे. सगळ्यांनी ते इतक्या वेळा पाहिलं होतं, पण आज रंजनाला प्रथमच तो रंग दिसला.

तुषारनं उभ्यानंच वाचलं आणि मग मराठीत सांगितलं. उत्तर चार ओळींचं होतं. कळलं. तीनशे बारा फाईली परत पाठवल्या आहेत, रंजनानं स्वतः दुरुस्त कराव्यात. मांचूची तपासणी यापुढे प्राजक्ता करील. मांचूचे उरलेले गठ्ठेही याच केंद्राकडे येतील, होळीपर्यंत पुरतील.

बस. शाबासकी नाही, शिव्या नाहीत. होळीपर्यंत म्हणजे दिवाळीनंतर भट्टी नाही, हे रंजनाला सगळ्यात आधी कळलं, आणि तपासणी गेली हे मागून, जेवायच्या सुट्टीत, पाणी पिताना. दोन वर्षं राबून मिळालेली ती हिरवी टिकली. तिनं घागरीवर पेला पालथा घातला तेव्हा तिचा हात जरा जोरात पडला.

प्राजक्ता डबा घेऊन शेजारी आली. भाकर मोडली, अर्धी पुढे केली.

"आता तुमच्या ओळी मी तपासणार, ताई."

"तपास की. नि चुकलं तर सांग."

"तुम्ही हसणार नाही ना?"

"तू सांग तर खरी," रंजना म्हणाली, आणि भाकर घेतली.

त्या दिवशी तिनं अकरा कागद दुरुस्त केले. डावीकडून. पहिली ओळ, दुसरी, अर्धी सुटलेली, मग वर चढलेली. अकराव्यावर लाल शाईत एकच शब्द होता. वर दाते, मधे पोट, खाली लांब शेपूट. अक्षर येत नसलं तरी 'कळलं'चा हा शब्द तिला आता पाठ झाला होता. तिनं त्याच्याभोवती चौकट काढली आणि शेवटचा आकडा घातला.

जीपमधून उतरली तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. होळीनंतर काय, हे मॅडमनं लिहिलं नव्हतं, आणि जिवा तेच विचारणार हे तिला ठाऊक होतं. तो वरच्या बांधावर डबा बडवत होता. पोपटांचा थवा उठायचा, एक गिरकी मारायचा नि पलीकडच्या खाचरात बसायचा. त्यानं लांबूनच मान उडवून विचारलं, काय झालं म्हणून. तिनं हातानं खूण केली, थांब, सांगते.

गुरुवारपासून अर्धवट कापलेलं गवत बांधावर तसंच उभं होतं. तिनं साडीचा पदर खोचला, कणसरीच्या दगडाजवळ विळा जमिनीत खुपसला, बोट लावून बघितलं. अडीचच होती. मग विळा फडक्याला पुसला आणि विहिरीच्या बाजूनं गवत कापायला सुरुवात केली.